राष्ट्राध्यक्षांचा क्षमाधिकार आणि गुप्त क्षमापत्र

(तालुक्याच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय मी स्वतः निवडलेला नाही. तो मला येथील एका शिक्षकांनी दिला. नागरिकशास्त्राच्या तासाला आपल्या राष्ट्रपतींच्या दयाधिकाराचा पाठ चालू असता एका विद्यार्थ्याने उठून त्यांना विचारले, "गुरुजी, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणे कोणालाही न सांगता क्षमापत्र लिहून देऊ शकतात, आणि ज्याला ते मिळाले तो ते खिशात घालून खुशाल हिंडू शकतो. हे खरे काय?" गुरुजींनी तो प्रश्न माझ्याकडे पाठविला. उभा जन्म वकिलीत घालवूनही मला त्याचे उत्तर एका वाक्यात देता आले नाही. म्हणून हे व्याख्यान.

प्रश्न पोरकट नव्हे. २०२१ च्या जानेवारी महिन्यात राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या कारकीर्दीचे अखेरचे दिवस चालू असता अमेरिकेतील कायदेपंडितांनी वृत्तपत्रांतून याच प्रश्नाचा खल केला. अधिकारावरून जाता जाता राष्ट्राध्यक्षाने एखाद्या आप्ताला अगर सहकाऱ्याला गुपचूप क्षमा करून ठेवली, आणि वर्षा-दोन वर्षांनी त्याच्यावर खटला उभा राहिल्यावर त्याने तो कागद बाहेर काढला, तर न्यायालयाने काय करावे?

प्रथम या अधिकाराच्या सीमा पाहू. अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली तयार झाली. तिच्या दुसऱ्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या कलमान्वये, संयुक्त संस्थानांविरुद्ध घडलेल्या अपराधांबद्दल शिक्षा तहकूब करण्याचा आणि क्षमा करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांस दिलेला असून महाभियोगाची प्रकरणे त्यांतून वगळलेली आहेत. एवढ्या मोजक्या शब्दांतून तीन मर्यादा निघतात. क्षमा संघराज्याच्या कायद्याखालील गुन्ह्यांनाच लागू पडते. न्यूयॉर्क अगर टेक्सास राज्याच्या कायद्याखाली झालेल्या गुन्ह्याला राष्ट्राध्यक्ष हात लावू शकत नाहीत, तेथे त्या त्या राज्याची व्यवस्था चालते. महाभियोगाने कोणास पदच्युत केले तर ते क्षमेने फिरविता येत नाही. आणि क्षमा घडून गेलेल्या अपराधाची असते. पुढे करावयाच्या गुन्ह्याचा परवाना ती होऊ शकत नाही. खटला भरण्यापूर्वी मात्र ती देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १८६६ च्या गार्लंड प्रकरणात सांगून ठेविले आहे. क्षमा झाली तरी सरकारी खजिन्यात जमा होऊन गेलेले पैसे काँग्रेसच्या मंजुरीवाचून परत मिळत नाहीत, असेही १८७७ साली एका निकालात ठरले आहे.

आता या शब्दांत काय नाही ते पाहा. क्षमा लेखी असावी असे तेथे म्हटलेले नाही. राष्ट्राध्यक्षांनी स्वहस्ते सही करावी असे नाही. ती राजपत्रात छापावी, कोणा नोंदवहीत चढवावी, काँग्रेसला कळवावी, यांपैकी काहीही नाही. वॉशिंग्टन येथे न्यायखात्यात क्षमाविषयक अर्ज तपासणारे एक कार्यालय आहे. तेथे अर्जाचा नमुना आहे, चौकशी होते, शिफारस होते. परंतु ते नियम राष्ट्राध्यक्षांना बांधणारे नाहीत. कार्यालयाला विचारल्याशिवाय त्यांनी क्षमा केली तरी ती क्षमाच.

घटना बनविणारे लोक भोळे नव्हते. १७८७ च्या सप्टेंबरमध्ये, घटनेच्या मसुद्यावर अखेरचा हात फिरत असता, व्हर्जिनियाच्या एडमंड रँडॉल्फ यांनी राजद्रोहाचा अपराध या अधिकारातून वगळावा अशी सूचना मांडली. राष्ट्राध्यक्षच त्या कटात सामील असतील तर, ही त्यांची शंका. जेम्स विल्सन यांनी उत्तर दिले की तसे असेल तर राष्ट्राध्यक्षांवर महाभियोग चालविता येईल. सूचना फेटाळली गेली. पुढील वर्षी व्हर्जिनियाच्या संमती-परिषदेत जॉर्ज मेसन यांनी तीच भीती अधिक स्पष्ट शब्दांत बोलून दाखविली: राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या सल्ल्याने घडलेल्या गुन्ह्यांनाही क्षमा करतील आणि चौकशीची वाटच बंद करतील. जेम्स मॅडिसन यांनीही उत्तरादाखल महाभियोगाकडेच बोट दाखविले.

अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७८८ साली लिहिलेल्या चौऱ्याहत्तराव्या फेडरलिस्ट निबंधात या अधिकाराचे समर्थन वेगळ्या अंगाने केले आहे. हा अधिकार मंडळाकडे न देता एकट्या माणसाकडे का द्यावा? कारण अनेकजण मिळून निर्णय करतात तेव्हा प्रत्येकाला दुसऱ्याच्या आड लपता येते. एकट्याला तशी सोय नसते. एका जिवाचे भवितव्य आपल्या एका सहीवर आहे ही जाणीव, आणि दुबळेपणाचा अगर संगनमताचा आरोप आपल्या एकट्याच्याच माथी येईल ही धास्ती, या दोहोंमुळे तो माणूस जपून वागेल.

माझ्या मते आजच्या प्रश्नाचे मर्म येथेच आहे. विल्सन, मॅडिसन आणि हॅमिल्टन या तिघांचीही उत्तरे एका गोष्टीवर उभी आहेत: क्षमा झाल्याचे लोकांना कळते. कळले नाही तर महाभियोग कशाबद्दल आणावयाचा? दोष कोणाच्या माथी मारावयाचा? गुप्त क्षमापत्राने घटनेतील एकही शब्द मोडत नाही. पण ज्या आधारावर तो अधिकार एका हाती सोपविला गेला, तो आधारच निखळतो.

आता न्यायालयांकडे वळू, कारण मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तेथे मिळते. ही गोष्ट १८२९-३० सालची. पेनसिल्व्हेनियात जॉर्ज विल्सन आणि जेम्स पोर्टर या दोघांनी सरकारी टपाल लुटले आणि टपालवाहकाच्या जिवाला धोका उत्पन्न केला. दोघांनाही फाशीची शिक्षा झाली. पोर्टरला जुलैमध्ये फाशी दिले गेले. विल्सनच्या वतीने वजनदार माणसांनी रदबदली केली, आणि राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी त्याला फाशीच्या अपराधाबद्दल क्षमा केली; इतर आरोपांना ती लागू नाही असेही क्षमापत्रात लिहिले. पुढे त्याच लुटीशी निगडित असलेल्या दुसऱ्या आरोपावर शिक्षा सांगण्याची वेळ आली तेव्हा या क्षमेचा परिणाम काय, असा प्रश्न न्यायालयानेच काढला. विल्सनला विचारले. तो म्हणाला, मला या क्षमापत्राचा लाभ घ्यावयाचा नाही.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १८३३ साली सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला. त्यांचे म्हणणे असे: क्षमा हे राष्ट्राध्यक्षांचे अधिकृत कृत्य खरे, तथापि ते ज्याच्यासाठी केले त्याच्यापुरते खाजगी असते. न्यायालयाला ते कोणी अधिकृतपणे कळवीत नाही. क्षमापत्र हे दस्तासारखे असते. ते हाती दिले गेले पाहिजे, आणि ज्याला दिले त्याने ते स्वीकारले पाहिजे. त्याने ते नाकारले तर ते त्याच्यावर लादता येत नाही. आणि ते न्यायालयापुढे रीतसर मांडले गेले नाही, तर न्यायाधीशाला त्याची माहिती असली तरी त्याची दखल घेता येत नाही.

कीर्तनात आणि प्रवचनांत दृष्टांत जसे रंगविले जातात, तसेच या विल्सनचे पाश्चात्त्य प्रवचनकारांनी करून ठेविले आहे. क्षमा नाकारल्यामुळे तो फाशी गेला असे ते सांगतात. ते खरे नाही. फाशीची शिक्षा आधीच सुटलेली होती; त्याने नाकारले ते उरलेल्या आरोपासंबंधात.

मार्शल यांचा 'दस्त' हा शब्द ऐकला की मला एक जुने प्रकरण आठवते. माझ्या वकिलीच्या पहिल्या वर्षांत एक तरुण शेतकरी जुन्या लाकडी पेटीतून काढलेला मुद्रांकाचा कागद घेऊन माझ्याकडे आला. मामाने आपल्या बागायतीचा एक तुकडा त्याला बक्षीस लिहून दिला होता. मामाची सही, दोन साक्षीदारांच्या सह्या, सारे यथास्थित. घरात वाद नको म्हणून मामा म्हणाले, "आत्ता कोणाला सांगू नकोस." भाच्याने अकरा वर्षे तो कागद पेटीत जपला. मामा वारले, मुलांनी जमिनीवर नाव चढविले, तेव्हा त्याने पेटी उघडली. स्थावराचे बक्षीसपत्र नोंदणीकृत असल्याखेरीज कायद्याच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच. मी त्याला तसे सांगितले. तो मला पुनःपुन्हा विचारीत होता, "पण वकीलसाहेब, मामांची सही खोटी आहे काय?" सही खरी होती. त्याची समजूत मला घालता आली नाही.

श्रोतेहो, जमिनीच्या तुकड्यासाठी कायदा दुय्यम निबंधकाची कचेरी दाखवितो. अमेरिकेत माणसाला तुरुंगातून, प्रसंगी फासावरून सोडविणाऱ्या कागदासाठी तसा निबंधक नाही. तो कागद अकरा वर्षे पेटीत राहिला असता तरी क्षमापत्र म्हणून न्यायाधीशाने तो हाती घेऊन वाचलाच असता. त्याच्या खरेपणाचा पुरावा मागितला असता, ती गोष्ट निराळी.

हाती देण्याचा मुद्दा किती महत्त्वाचा ठरतो, याचे उदाहरण १८६९ सालचे आहे. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी मुदत संपता संपता काही कैद्यांच्या क्षमापत्रांवर सह्या केल्या. कागद निघाले, पण कैद्यांच्या हाती पडण्यापूर्वीच ४ मार्च रोजी युलिसिस ग्रँट अधिकारावर आले आणि त्यांनी ते परत मागविले. कैद्यांपैकी द प्यू नावाच्या इसमाच्या वतीने न्यायालयात दाद मागण्यात आली. न्यूयॉर्क येथील संघीय न्यायाधीश ब्लॅचफर्ड यांनी निर्णय दिला की पोहोचते न झालेले क्षमापत्र पुरे झालेले नव्हते, सबब नव्या राष्ट्राध्यक्षांना ते रद्द करता येते. सुमारे एकशे चाळीस वर्षांनी, २००८ च्या डिसेंबरमध्ये, राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी एका बांधकाम व्यावसायिकाला २३ तारखेला जाहीर केलेली क्षमा दुसऱ्याच दिवशी मागे घेतली. तेव्हाही त्याच्या हाती क्षमापत्र अद्याप पडलेले नाही, हेच कारण पुढे करण्यात आले.

यावरून एक नियम बांधता येईल. नुसती टेबलाच्या खणात सही करून ठेवलेली क्षमा कच्ची असते. ज्याच्यासाठी ती आहे त्याच्या हाती, अथवा त्याच्या वतीने घेणाऱ्याच्या हाती, ती राष्ट्राध्यक्षांची मुदत संपण्यापूर्वी पडली पाहिजे. अमेरिकेत ही मुदत आता २० जानेवारीला दुपारी बारा वाजता संपते. बाराला पाच मिनिटे कमी असता दिलेला कागद क्षमापत्र. बारा वाजून पाच मिनिटांनी दिलेला, साध्या नागरिकाने लिहिलेला कागद.

हा नियम सर्वस्वी निर्विवाद आहे असे मात्र समजू नये. १९१५ साली सर्वोच्च न्यायालयाने मार्शल यांचीच वाट धरली. न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून' पत्राचे संपादक जॉर्ज बर्डिक यांनी जकातीच्या गैरव्यवहारांसंबंधीच्या बातमीचा उगम सांगण्यास ग्रँड ज्युरीपुढे नकार दिला. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, हे त्यांचे कारण. तेव्हा राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी त्यांना न मागता क्षमापत्र पाठविले. हेतू हा की आता तुम्हाला शिक्षेचे भय उरले नाही, सबब बोला. बर्डिक यांनी ते घेतले नाही, आणि न्यायालयाने त्यांचा नकार मान्य केला. क्षमा स्वीकारणे म्हणजे एका अर्थी अपराध पत्करणेच होय, असेही न्यायालय म्हणाले. परंतु बारा वर्षांनी, १९२७ साली, पेरोविच नावाच्या कैद्याने, आपली फाशी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी आपल्या संमतीवाचून जन्मठेपेत बदलली, अशी तक्रार केली तेव्हा न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी सूर पालटला. क्षमा ही आता सत्ताधाऱ्याच्या मर्जीची खाजगी देणगी राहिलेली नसून राज्यघटनेच्या योजनेचा भाग आहे, आणि तिचे प्रयोजन लोकांचे हित हे होय. कैद्याची संमती हे नव्हे, असे त्यांनी म्हटले.

या दोन निकालांपैकी कोणता आपण मनावर घेतो यावर गुप्ततेच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे अवलंबून आहे. क्षमा ही दोघांमधील खाजगी देवघेव असेल तर गुप्ततेला हरकत कोणती? आणि ती लोकहितासाठी केलेले राज्यकृत्य असेल, तर ज्यांच्या हितासाठी ते केले त्यांच्यापासूनच ते लपवावे, हे कसे शोभेल? मी होम्स यांच्या बाजूचा आहे. परंतु प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की होम्स यांच्या निकालातही क्षमा जाहीर केलीच पाहिजे असे कोठे म्हटलेले नाही. तो माझा निष्कर्ष आहे, कायदा नव्हे.

जाहीर क्षमेची परंपरा त्या देशात निराळी आहे आणि तिचे नियमही निराळे आहेत. यादवी युद्धानंतर, १८६८ च्या नाताळच्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी बंडात सामील झालेल्या सर्वांना जाहीरनाम्याने क्षमा केली. १८७१ साली न्यायालयापुढे प्रश्न आला की कोणी रीतसर मांडला नसता या जाहीरनाम्याची दखल घ्यावी काय. न्यायालय म्हणाले, हे सार्वजनिक कृत्य आहे, ते सर्वांना बांधते, न्यायालयांनी आपण होऊनच त्याची दखल घेतली पाहिजे. १९७७ च्या जानेवारीत जिमी कार्टर यांनी व्हिएतनाम युद्धातील सक्तीची लष्करभरती टाळणाऱ्यांना अशाच जाहीरनाम्याने क्षमा केली. तेथे हाती देण्याघेण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे दवंडी पिटलेली क्षमा स्वतःच्या पायांवर न्यायालयात चालत जाते. खिशातील क्षमेला कोणीतरी उचलून न्यावे लागते.

एकट्या इसमाच्या क्षमेतही उघडपणा कसा असतो, हे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी दाखविले. १९७४ च्या सप्टेंबरची ८ तारीख, रविवार होता. दूरचित्रवाणीवर येऊन त्यांनी रिचर्ड निक्सन यांना २० जानेवारी १९६९ ते ९ ऑगस्ट १९७४ या काळातील संघीय अपराधांबद्दल पूर्ण क्षमा केल्याचे वाचून दाखविले. देशभर संताप उसळला. ऑक्टोबरमध्ये ते स्वतः प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे हजर राहिले आणि सदस्यांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. दोन वर्षांनी ते निवडणूक हरले. या क्षमेचा त्यात वाटा होता असे पुष्कळजण मानतात. त्यांचा निर्णय बरोबर की चूक, यावर आजही दोन मते आहेत. पण हॅमिल्टन यांनी सांगितलेली जोखीम त्यांनी उघड्यावर उचलली, एवढे निश्चित.

आता खिशातील कागद बाहेर निघतो त्या दिवशी काय होते ते पाहू. सरकारी वकील प्रथम विचारील, हे खरे कशावरून? सही कोणाची? दिनांक मागाहून घातला नाही कशावरून? कागद हाती पडला तो दिवस कोणता, साक्षीदार कोण? जाहीर क्षमेत या प्रश्नांना जागाच नसते. लेखी कागद हवाच काय, याचाही एक निकाल आहे. एका कैद्याचे म्हणणे होते की राष्ट्राध्यक्षांनी २०२० च्या डिसेंबरमध्ये दूरध्वनीवर बोलताना आपली शिक्षा कमी केली. २०२४ साली संघीय अपील न्यायालयाने सांगितले की क्षमेसाठी लेखाची अट घटनेने घातलेली नाही. परंतु त्या संभाषणावरून शिक्षा प्रत्यक्ष कमी केल्याचे सिद्ध होत नाही. कैदी हरला. मला हा निकाल फार बोलका वाटतो. तोंडी क्षमा शक्य आहे, आणि सिद्ध करू गेले तर ती वाऱ्यावर उडून जाते.

दुसरी अडचण क्षमापत्र बाळगणाऱ्याची आहे, आणि तिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. ज्याला क्षमा मिळाली त्याला त्या संघीय अपराधापुरते शिक्षेचे भय उरत नाही; त्यामुळे 'स्वतःविरुद्ध साक्ष देणार नाही' असे म्हणण्याचा त्याचा आधारही तेवढ्यापुरता जातो. घटक राज्याच्या कायद्याखालील खटल्याचे भय शिल्लक असेल तर गोष्ट वेगळी. समजा, त्याने क्षमापत्र लपविले आणि भय असल्याचे भासवून साक्ष नाकारली. पुढे तोच कागद त्याने काढला, की त्याने न्यायालयापासून काय दडविले हेही त्याच कागदाने बाहेर येते. गुप्तता फुकटची नसते.

तिसरी गोष्ट दप्तराची. निक्सन प्रकरणानंतर, १९७८ साली, राष्ट्राध्यक्षांच्या कागदपत्रांविषयी कायदा झाला. राष्ट्राध्यक्षांच्या कामकाजाचे कागद ही त्यांची खाजगी मालमत्ता नसून राष्ट्राची आहे, आणि मुदत संपताच ती राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ताब्यात गेली पाहिजेत, असे त्याने ठरविले. क्षमापत्राची प्रत दप्तरात ठेवणे या दृष्टीने कर्तव्य आहे. पण प्रत नाही म्हणून क्षमा रद्द, असे हा कायदा म्हणत नाही. शिवाय ते दप्तर लोकांना सामान्यतः पाच वर्षांनंतरच पाहावयास मिळू लागते, आणि काही भाग बारा वर्षांपर्यंत बंद ठेविता येतो. तोवर खटल्याची मुदत अनेकदा संपूनही जाते.

राष्ट्राध्यक्षाने स्वतःलाच गुपचूप क्षमा केली तर? १९७४ च्या ऑगस्टमध्ये, निक्सन पायउतार होण्याच्या चार दिवस आधी, न्यायखात्याने लेखी अभिप्राय दिला की कोणीही स्वतःच्या प्रकरणात न्यायाधीश होऊ शकत नाही, सबब राष्ट्राध्यक्षांना स्वतःस क्षमा करता येत नाही. तो अभिप्राय होय. न्यायालयाचा निकाल नव्हे. प्रश्न खुला आहे.

मग काँग्रेसने कायदा करून टाकावा, असे आपण म्हणाल. क्षमेचा परिणाम कायद्याने कमी करता येत नाही, हे १८७१ च्या क्लाइन प्रकरणापासून ठरलेले आहे. क्षमा कळविण्याची सक्ती करता येईल की नाही, यावर मतभेद आहेत. माझ्या मते करता यावी. कळविण्याने क्षमेचा एक कणही कमी होत नाही. २०२१ च्या डिसेंबरमध्ये प्रतिनिधिगृहाने काही क्षमांसंबंधीची कागदपत्रे काँग्रेसला देण्याची तरतूद असलेले विधेयक संमत केले होते. त्याचा कायदा झाला नाही. आणि १ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ट्रम्प यांच्याच प्रकरणात, घटनेने केवळ राष्ट्राध्यक्षांकडे सोपविलेल्या अधिकारांच्या वापराबद्दल त्यांच्यावर फौजदारी खटला भरता येणार नाही, असे ठरविताना क्षमाधिकाराचाही त्यांत उल्लेख केला. पैसे देऊन क्षमा विकत घेणाऱ्यावर खटला होऊ शकेल. देणाऱ्या राष्ट्राध्यक्षापर्यंत पोहोचणे त्या निकालानंतर फार कठीण झाले आहे. उरला महाभियोग, आणि तो गुप्ततेपुढे आंधळा.

अशाच प्रश्नाने आपल्याकडे काय रूप घेतले, ते थोडक्यात सांगतो, कारण गुरुजींच्या पाठात तेच आहे. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ७२ ने राष्ट्रपतींना आणि १६१ ने राज्यपालांना हा अधिकार दिला आहे. पण १९८० च्या मारू राम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरावयाचा आहे. म्हणजे अर्ज येतो, तो गृहखात्यात जातो, टिपणी होते, फाइल वर जाते. जिला अनेक हात लागतात ती फाइल सर्वस्वी गुप्त राहणे कठीण. येथे बसलेल्या कारकून मंडळींना हे मी सांगावयास नको.

कागद उजेडात आला की मर्यादाही ठरविता येतात, हे मुंबईच्या नानावटी प्रकरणात दिसले. ११ मार्च १९६० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नौदल अधिकारी कमांडर नानावटी यांना जन्मठेप सुनावली, आणि त्याच दिवशी राज्यपालांनी, सर्वोच्च न्यायालयातील अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा स्थगित करून त्यांना नौदलाच्या ताब्यात ठेवण्याचा आदेश काढला. अटकेचे वॉरंट बजावले न जाता परत आले, आणि त्यामुळेच उच्च न्यायालयाला राज्यपालांच्या आदेशाचा विचार करावा लागला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ५ सप्टेंबरला निर्णय दिला की प्रकरण आपल्यापुढे चालू असता राज्यपालांचा तो आदेश अमलात राहू शकत नाही. आदेश लपविलेला असता तर हा निर्णय झाला असता काय?

१९८८ च्या केहर सिंग प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने होम्स यांचाच विचार आधाराला घेतला. राष्ट्रपतींनी कारणे दिलीच पाहिजेत असे नाही. तरी या अधिकाराच्या सीमा ठरविणे न्यायालयाचे काम आहे, असे तेथे म्हटले. आणि ११ ऑक्टोबर २००६ रोजी आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात राज्यपालांनी दिलेली शिक्षेतील सूट सर्वोच्च न्यायालयाने रद्दच केली. कैदी अमुक पक्षाचा चांगला कार्यकर्ता आहे असे शिफारशीच्या कागदात लिहिलेले होते. न्यायालयाने म्हटले की जात, धर्म अगर पक्ष यांचा येथे संबंध नाही; आणि लबाडीने अगर उघड चुकीने मिळविलेली क्षमा मागेही घेता येते. हे शब्द लिहिता आले, कारण शिफारशीची फाइल न्यायाधीशांपुढे होती.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला गुरुजींनी असे सांगावे: होय, मुदत संपण्यापूर्वी हाती दिलेले गुप्त क्षमापत्र अमेरिकेत बहुधा कायदेशीर ठरेल, आणि न्यायालयापुढे उघडेपर्यंत त्याचा काडीचाही उपयोग होणार नाही. 'बहुधा' हा शब्द त्याने वहीत लिहून घ्यावा, कारण असा कागद त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे अजून कोणी उघडलेला नाही.

आता काही विचारावयाचे असेल तर अवश्य विचारा. मागच्या बाकावरील मंडळींनी थोडे पुढे यावे, म्हणजे मला ऐकू येईल.